काळ्या काचेची बखर

२०२२ सालची दिवाळी पुष्कळांच्या लक्षात असेल. सोमवारी, २४ ऑक्टोबरला, पहाटे अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी लक्ष्मीपूजन. बुधवारी पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशी. आणि या दोहोंच्या मध्ये, मंगळवारी, सूर्यग्रहण येऊन बसलेले. वडीलधाऱ्यांची मोठी पंचाईत झाली होती. वेध कधी लागतात, करंज्यांच्या डब्यावर तुळशीपत्र ठेवायचे की नाही, ग्रहण सुटायच्या आतच सूर्य मावळणार तर मोक्षाचे स्नान केव्हा करायचे, हीच चर्चा घरोघरी चालली होती. वास्तविक यात नवल काहीच नाही. सूर्यग्रहण व्हायचे तर ते अमावास्येलाच, आणि लक्ष्मीपूजनही अमावास्येचेच. दोघांची गाठ कधी तरी पडायचीच. १९९५ साली, २४ ऑक्टोबरला, ती अशीच पडली होती. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. दिव्यावर काजळी धरलेली खिडकीच्या काचेची कपची डोळ्यांशी लावून मी सूर्याकडे बघत होतो, आणि आजी आतून ओरडत होती, "मेल्या, डोळे जातील, आत ये!" आजीचे शास्त्र आम्हांला तेव्हा अडाणी वाटे. तिचे कारण चुकले असेल; पण सल्ला चुकला नव्हता, हे कळायला मला पुढे सत्तावीस वर्षे लागली. त्याचीच ही हकीकत.

आमच्या शाळेच्या कपाटात एक दुर्बीण आहे. एका माजी विद्यार्थ्याने दिलेली, साठ मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची, लहानशीच. ग्रहण मुलांना दाखवावे म्हणून सुट्टीत मी ती घरी आणली. तिच्या पेटीत नेत्रभिंगावर फिरकीने बसणारी एक काळपट हिरवी काच होती, आठ आण्याच्या नाण्याएवढी, आणि तिच्या कड्यावर इंग्रजी अक्षरांत 'सन' असे कोरलेले. विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला; तेव्हा इतकी सोय करून ठेवणारा तो कारखानदार मला देवमाणूसच वाटला.

सोमवारची मधली दुपार रिकामी होती. म्हटले, उद्याची रंगीत तालीम करून घेऊ. अंगणात दुर्बीण मांडली, काच बसवली. माझी पुतणी, वय वर्षे बारा, म्हणाली, "काका, मी पहिली!" तिने डोळा लावला. हिरवा गोल आणि त्यावरचा डाग पाहून ती हरखली, आणि धाकट्या भावाला बोलावायला म्हणून बाजूला झाली. दहा अंक मोजण्याइतकाही वेळ गेला नसेल. 'टिक्' असा बारीकसा आवाज आला. पाहतो तो काच या कडेपासून त्या कडेपर्यंत उभी तडकलेली, आणि फटीतून निघालेली उजेडाची पांढरीशुभ्र सुई माझ्या सदऱ्याच्या बाहीवर पडलेली. दोन्ही मुले माझ्याकडे बघू लागली. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

मी इतिहास शिकवतो. जी गोष्ट कळत नाही तिचा इतिहास वाचावा, एवढी एकच विद्या मला अवगत आहे. त्या रात्री लक्ष्मीपूजन आटोपल्यावर मी काळ्या काचेचा इतिहास वाचायला बसलो, आणि पुढे कित्येक महिने तो वाचतच राहिलो.

दुर्बीण जन्माला आल्याबरोबर माणसाने ती सूर्याकडे वळवली. इंग्लंडातला टॉमस हॅरियट १६१० च्या डिसेंबरात सूर्यावरचे डाग पाहत होता. त्याच्याजवळ काळी काच नव्हती. तो सूर्य क्षितिजाशी असताना किंवा धुक्याचा पडदा आड असताना पाही. एकदा तर पाहून झाल्यावर तासभर आपली दृष्टी अंधुक झाली होती, अशी नोंद त्याने स्वतःच करून ठेवली आहे. जर्मनीत इंगोलश्टाट येथे क्रिस्टोफ शायनर नावाच्या जेझुइट पाद्र्याने १६११ च्या सुमारास रंगीत काचा वापरायला सुरुवात केली. गॅलिलिओचा शिष्य बेनेदेत्तो कास्तेल्ली याची युक्ती सर्वांत शहाणपणाची. त्याने दुर्बिणीत डोळा घातलाच नाही. दुर्बिणीतून निघणारा उजेड कागदावर पाडला आणि कागदावर उमटलेला सूर्य पाहिला. गॅलिलिओने डागांची चित्रे काढली ती याच रीतीने. सूर्य पाहून पाहून गॅलिलिओ आंधळा झाला, असे आपण लहानपणी ऐकतो आणि मास्तर झाल्यावर तसेच सांगतो. मीही सांगितले आहे. पण त्याची डागांवरची पत्रे १६१३ सालची, आणि दृष्टी गेली ती पंचवीसेक वर्षांनी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी. तिचा सूर्याशी संबंध नव्हता. सूर्याने खरा दणका दिला तो न्यूटनला. तरुणपणी त्याने आरशातले सूर्याचे प्रतिबिंब एका डोळ्याने पुन्हा पुन्हा पाहिले. आणि मग जिकडे पाहावे तिकडे सूर्यच दिसू लागला, तेव्हा तीन दिवस अंधाऱ्या खोलीत कोंडून घेऊन बसण्याची पाळी त्याच्यावर आली.

ही झाली सुरुवात. पण काळ्या काचेतून नेमके काय येते आणि काय अडते, हा प्रश्न जवळजवळ दोनशे वर्षे कोणी नीट विचारला नाही. काच पुरेशी काळी असली की झाले, अशीच सर्वांची समजूत. ती मोडली एका वाजंत्र्याने.

विल्यम हर्शेल १७३८ साली हॅनोव्हरमध्ये जन्मला. बाप फौजेतल्या बँडात वाजवणारा, आणि मुलगाही तेच शिकला. १७५७ साली तो इंग्लंडला आला आणि पुढे बाथ या गावी चर्चमध्ये ऑर्गन वाजवून आणि शिकवण्या करून पोट भरू लागला. रात्री मात्र धातूचे आरसे घासून दुर्बिणी करायच्या आणि आकाश पाहायचे. धाकटी बहीण कॅरोलिन घर सांभाळी, गाणे म्हणे आणि भावाची निरीक्षणे उतरवून घेई. १३ मार्च १७८१ रोजी या मास्तराने युरेनस हा ग्रह शोधला आणि त्याचे नाव जगभर झाले. राजाने तनखा बांधून दिला, शिकवण्या सुटल्या. दिवसा शिकवून रात्री आपला उद्योग करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला या कथेत विशेष गोडी वाटावी हे साहजिक आहे.

हर्शेलला सूर्याचे मोठे कुतूहल. त्याच्या मते सूर्याचे तेज म्हणजे वरचे नुसते चकचकीत ढग. त्यांच्याखाली थंडगार जमीन असून तिच्यावर वस्तीही आहे, असे त्याने १७९५ साली गंभीरपणे लिहिले. मोठी माणसे मोठ्या चुका करतात, त्यांतली ही एक. ते असो. ती जमीन पाहायची तर मोठी दुर्बीण हवी, आणि मोठी दुर्बीण सूर्यावर रोखायची तर काच फार निवडून घ्यायला हवी. म्हणून त्याने नाना रंगांच्या काचा गोळा केल्या आणि एकावर एक ठेवून पाहू लागला. तेव्हा त्याला एक विचित्र गोष्ट जाणवली. काही काचांतून उजेड अगदी बेताचा येई, पण डोळ्याला ऊब लागे; दुसऱ्या काही काचांतून उजेड भरपूर येई आणि ऊब जवळजवळ नाही. दुसरा कोणी असता तर 'ही काच बरी, ती नको' एवढे म्हणून मोकळा झाला असता. हर्शेलला वाटले की उजेड आणि उष्णता रंगारंगांत सारख्या वाटलेल्या नसाव्यात.

त्याने मांडलेला प्रयोग आपल्या आठवीच्या मुलांनाही करता येईल इतका साधा आहे. खिडकीत लोलक ठेवून टेबलावर सप्तरंगी पट्टा पाडला. एका पुठ्ठ्याला फट पाडून तिच्यातून एक-एक रंग उष्णतामापकाच्या काळ्या केलेल्या फुग्यावर सोडला. शेजारी आणखी उष्णतामापक सावलीत ठेवले, म्हणजे खोलीचीच हवा तापली तर ती फसवणूक कळावी. फॅरनहाइटच्या मापाने जांभळ्यात पारा २ अंश चढला, हिरव्यात सव्वातीन, आणि तांबड्यात जवळजवळ ७. मग त्याने मापक तांबड्याच्याही पलीकडे सरकवला, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, नुसते टेबल होते. पारा तिथेही चढला. १८०० सालच्या वसंतात त्याने हे सारे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. सूर्यातून असेही किरण येतात की ते दिसत नाहीत, पण भाजतात. आज आपण त्यांना अवरक्त किरण म्हणतो. पुढच्याच वर्षी जर्मनीत रिटरने पट्ट्याचे दुसरे टोक चाचपले आणि जांभळ्यापलीकडचे अदृश्य किरण हुडकले.

काच निवडायला निघालेल्या माणसाला वाटेत हा खजिना सापडला. पण हर्शेल मूळचे काम विसरला नाही, आणि मला त्याचे हेच विशेष वाटते. त्याने काचांची परीक्षा घेऊन कोष्टके केली : हजार भाग उजेडातला किती अडतो, आणि हजार भाग उष्णतेतली किती अडते. दोन रकाने, दोन निरनिराळे आकडे. पुढे पाण्यात शाई कालवून, ती गाळून, काचेच्या कुपीत भरून तिच्यातूनही त्याने सूर्य पाहिला, आणि सूर्य पांढराशुभ्र दिसला. माझ्या तडकलेल्या काचेवर नुसते 'सन' लिहिले होते. दोन रकाने कोणी भरले होते की नाही, देव जाणे.

हर्शेलच्या घराण्याने हा धागा सोडला नाही. त्याचा मुलगा सर जॉन हर्शेल याच्या नावाची काचेची पाचर आजही मिळते. दुर्बिणीतला उजेड तिच्यावर पडला की पृष्ठभागावरून विसांतला जेमतेम एक भाग परततो आणि डोळ्याकडे जातो. बाकीचा उजेड आणि आच काचेतून आरपार निघून जाते. परतलेला भागही डोळ्याला जड असतो, म्हणून पुढे गडद काच लागतेच. पण आता तिच्यावर तडकण्याची वेळ येत नाही. सरळ बसवलेल्या भिंगांच्या दुर्बिणीलाच ती लावायची, आणि तीही जाणत्याने.

आणि नातू? नातू आला आपल्याकडे. लेफ्टनंट जॉन हर्शेल हा हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय पाहणीतला अधिकारी. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणासाठी तो पटवर्धनांच्या जमखिंडी संस्थानात दुर्बीण घेऊन उतरला. दिवस पावसाचे, ऐन वेळी ढगांचा खेळ चाललेला. आजोबांचा लोलक आता वर्णपटदर्शक होऊन दुर्बिणीला जोडला गेला होता. काच काही किरण अडवते आणि काही सोडते. हे यंत्र सर्वांना सोडते, पण ओळीने बसवते. ढग फाटले, खग्रास सूर्याच्या कडेवर एक ज्वाला दिसली, आणि यंत्रात सात रंगांच्या पट्ट्याऐवजी तीनच झळझळीत रेघा उमटल्या : लाल, नारिंगी आणि निळी. ती ज्वाला तापलेल्या वायूची होती. नारिंगी रेघ त्या दिवशी अनेकांना सोडियमची वाटली. ती हेलियमची होती, आणि तो वायू पृथ्वीवर सापडायला १८९५ साल उजाडावे लागले.

त्याच दिवशी गुंटूरला फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेनने अशाच रेघा पाहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्या पाहता येतात हे दाखवले. इंग्लंडात लॉकियरने ऑक्टोबरात स्वतंत्रपणे तेच केले. हेलियमचा शोध लॉकियरने आपल्या विजयदुर्गावर लावला, असे कोकणात सांगतात. अभिमानाची गोष्ट मोडायला जिवावर येते, पण १८६८ साली लॉकियर इंग्लंडातच होता. तो विजयदुर्गाला आला तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. त्या वेळचे 'साहेबाचे कट्टे' तिथे दाखवतात. कट्टे खरे, साल तेवढे दुरुस्त करून घ्यावे. आणि त्याच १८९८ च्या ग्रहणाला सोलापूर जिल्ह्यात जेऊर येथे पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी दादाभाई नाएगमवाला आपली यंत्रे घेऊन बसले होते, हेही आपण विसरू नये.

त्या ज्वाला रोज, ग्रहणावाचून, डोळ्याने पाहता याव्यात म्हणून विल्यम हगिन्स याने रंगीत काचांच्या नाना जोड्या लावून पाहिल्या होत्या. पण नुसती काच पुरेना. अखेर १८६९ च्या फेब्रुवारीत त्याने वर्णपटदर्शकाची फट रुंद केली, तिला माणिकरंगी काचेची जोड दिली, आणि ज्वालेचा आकार दिसला. फ्रान्समध्ये बर्नार लिओ याने १९३३ साली स्फटिकांच्या थरांची अशी गाळणी सुचवली की ती सूर्याच्या उजेडातून हायड्रोजनची तेवढी लाल रेघ निवडून घेते. आज हौशी माणसालाही लाल रेघेची दुर्बीण विकत मिळते. आजोबांनी काचांचा ढीग उपसला तो याच वाटेच्या तोंडाशी.

आता घरच्या उपयोगाचे बोलू, कारण दिवाळीत पुष्कळ घरी मुलांसाठी दुर्बीण येते.

साठ मिलिमीटरचे भिंग दिवसाच्या तीन मिलिमीटरच्या बाहुलीपेक्षा चारशे पट उजेड गोळा करते आणि नेत्रभिंगाजवळ एका ठिपक्यात आणते. नेमकी तिथेच बसवलेली काच तापते आणि तडकते. म्हणून सूर्याची गाळणी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, संपूर्ण तोंड झाकेल अशी, पक्की बांधायची, म्हणजे उजेड गोळा होण्याआधीच अडतो. चांगली गाळणी लाखातला एक भाग उजेड आत सोडते, आणि दिसत नाही तो तापही अडवते. लावण्याआधी दर वेळी ती दिव्यासमोर धरून सुईच्या टोकाएवढे भोक किंवा चरा आहे का ते पाहावे. असला तर फेकून द्यावी. बाजूची लहान शोधक दुर्बीण झाकून ठेवावी. मुलांचा डोळा प्रथम तिकडेच जातो. ग्रहणाचे चष्मे नुसत्या डोळ्यांसाठी असतात; ते घालून दुर्बिणीत पाहू नये. काजळीची काच आणि एक्स-रेची फिल्म यांवर विसंबू नये. काजळी कुठे दाट, कुठे विरळ. फिल्मवर जिथे हाडे तिथे उजेडाला वाट. शिवाय डोळ्याच्या पडद्याला दुखणे कळत नाही. भाजत असताना तो ओरडत नाही. दिसेनासे होते तेव्हाच समजते.

रात्रीच्या गाळण्यांची गोष्ट निराळी, तिथे जिवाला घोर नाही. पण एक नियम तोच : गाळणी काही देत नाही, फक्त काढून घेते. म्हणून आपल्याला काय पाहायचे ते आधी ठरवावे. मंगळावरचे काळसर डाग नारिंगी काचेतून उठून दिसतात. पण लहान दुर्बिणीला गडद लाल काच लावली तर मंगळच विझतो. पौर्णिमेचा चंद्र डोळ्यांना झोंबतो, त्याला साधी करडी काच पुरे. काही तेजोमेघांचा बराचसा उजेड हिरव्या रंगाच्या दोन-तीन रेघांतच असतो. हगिन्सनेच १८६४ साली कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघात त्या पाहिल्या. तेवढ्याच रेघा सोडणारी गाळणी लावली की शहराचा उजेड अडतो आणि मेघ उरतो. मात्र तिने तारे अंधुक होतात आणि दूरच्या दीर्घिकांना तिचा उपयोग नाही, कारण त्यांचा उजेड सर्व रंगांत वाटलेला. रस्त्यावर पूर्वी पिवळे सोडियमचे दिवे होते, त्यांना अडवणे सोपे होते. हल्लीच्या पांढऱ्या एलईडी दिव्यांत सारेच रंग असल्यामुळे जुन्या गाळण्या त्यांच्यापुढे हात टेकतात. तेव्हा एकच गाळणी घ्यायची तर मुलांच्या दुर्बिणीसाठी पुढच्या तोंडावर बसणारी सूर्याची घ्यावी, आणि ती नसेल तर कास्तेल्लीचा कागद आहेच.

आम्हीही त्या मंगळवारी कागदच वापरला. दुपारीच दुर्बिणीची नळी अशी बांधली की कोणाला डोळा लावता येऊ नये, मी स्वतः बाजूला पहारा करत उभा राहिलो, आणि पाचाच्या सुमारास पांढऱ्या पुठ्ठ्यावर सूर्याचा एक लचका तुटू लागला. वाडीतली वीस-पंचवीस मुले एकदम पाहू शकली. दुर्बिणीत एकेकाने डोळा घालून हे कधीच जमले नसते. पुतणीने स्वयंपाकघरातून झारा आणला. त्याच्या भोकांतून उन्हाची किरणे आत शिरली, आणि माजघराच्या भिंतीवर चंद्रकोरींची रांगोळी उमटली.

आई वेध पाळून आत बसली होती. ग्रहण तिने जन्मात पाहिले नव्हते. मी भीतभीतच म्हटले, "आई, नुसते भिंतीकडे बघ." तिने जपमाळ खाली ठेवली, मान वर केली आणि सूर्य मावळेपर्यंत ती त्या कोरींकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "भिंतीकडे बघण्यात कसला आलाय दोष?"

तडकलेली काच मी टाकली नाही. ती माझ्या टेबलाच्या खणात खडूंच्या डबीत आहे. दर वर्षी नवा वर्ग आला की ती हातोहात फिरवतो आणि विचारतो, "ही काळी आहे. मग हिच्यात उणे काय?" कोणी तरी म्हणते, तडा. मग मी त्यांना १८०० सालची गोष्ट सांगायला लागतो.